तंग बाह्यांचा शर्ट

फुकटची लस डोमाला कशी चालेल? तो पडला मच्छीमार सोसायटीचा अध्यक्ष! म्हणून तालुक्याच्या खासगी दवाखान्यात त्याने पैसे मोजून लस घ्यायचं ठरवलं, आणि गेला तोही लग्नातला तंग बाह्यांचा शर्ट घालून. बाही काही वर सरकेना. नर्स म्हणाली, शर्ट काढा. पण आतली बनियान पार फाटकी, आणि फोटो तर काढायचा होता. डोमाने कॉलर खाली ओढून खांदा पुढे केला. सुई शिरली ती थेट सांध्यापाशी.

तेव्हापासून उजवा हात छातीच्या वर जाईना. तलावात जाळं फेकायला खांदा लागतो, अध्यक्षपदाने मासे अडकत नाहीत. डोमा काठावर बसून पोरासोरांना जाळं फेकायचे धडे द्यायचा आणि कोणी ऐकत नाही म्हणून चिडायचा. एकटा असला की हात उचलून बघायचा, तेव्हा मात्र त्याला रडू यायचं.

शेवटी गडचिरोलीच्या ग्राहक आयोगात त्याने दवाखान्यावर भरपाईचा दावा लावला. रश्मी वकीलबाईंनी पुरावा मागितला, तर याने ऐटीत फोटो पुढे केला. त्यात सुई होती, कॉलर ओढणारी त्याचीच बोटं होती आणि सगळी बत्तीशी होती.

"डोमाभाऊ, हा आपलाही पुरावा आहे आणि त्यांचाही," वकीलबाई म्हणाल्या.

"बोटं तेवढी कापून टाकू का फोटोतली?"

"आता फोटोलेबी खोटं बोलाले नोका लावू," त्याची बायको प्रेमिला म्हणाली.

सुनावणीत समोरच्या वकिलाने नेमकं तेच विचारलं, "शर्ट कोणी ओढला?"

"मीच ओढला साहेब. फाटकी बनियान झाकाची होती. माह्या अकलेचा खटला येगळा चालवा. पण सुई कुठी टोचाची ते मले काय मालूम? मले जाळं कुठी फेकाचं ते मालूम."

आयोगाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, "शर्ट काढून खांदा दाखवा."

रुबाब पडावा म्हणून डोमा आजही तोच शर्ट घालून आला होता. त्याने गुंड्या काढल्या आणि तिथेच थांबला. मागच्या बाकावरून प्रेमिला उठून आली. तिने आधी डावी बाही काढली, मग हळूहळू उजवी, रोज संध्याकाळी काढायची तशीच. डोमाने मान खाली घातली. बनियान आज नवी कोरी होती, पण तिच्याकडे कोणी बघत नव्हतं.

अध्यक्षबाई लेखनिकाला म्हणाल्या, "लिहून घ्या. तक्रारदाराला स्वतःचा शर्ट काढता येत नाही."