आधी नळावर, मग घरात

इंजिन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे रेल्वे उभी राहत असेल, मित्रांनो. तेवढा मोठा मान मला देऊ नका. मी लिंबाएवढा आहे. माझ्या जोरावर कुणी कुठे गेलं नाही. मी एका खेळण्यातल्या विमानाच्या नाकावर बसायचो, आणि विमान गोल फिरून जिथून निघालं तिथेच परत यायचं. बेंगळूरच्या रिंग रोडवर आज हजारो गाड्या हेच करतात, पण त्यांना कुणी खेळणं म्हणत नाही.

माझा जन्म राजाजीनगरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लेथवर एका माणसानं माझं सिलिंडर कातलं, मग पिस्टन कातला, आणि मग दोघांना एकमेकांत घालून, बारीक लुगदी लावून, तासन्‌तास घासलं. आमच्या जातीत ही जोडी अशीच जमवतात. एकदा जमली की त्या सिलिंडरला दुसरा पिस्टन चालत नाही, आणि त्या पिस्टनला दुसरं सिलिंडर. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

मला विकत घेतलं ते बिंदुमाधव यांनी. बसवनगुडीत त्यांचं घर, पुढे तुळस आणि मागच्या अंगणात एक नळ, एक धुण्याचा दगड. घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या घरी मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी. नोकरी टेलिफोन खात्यात. आठवडाभर ते लोकांच्या मेलेल्या तारांच्या तक्रारी ऐकायचे. रविवारी मात्र मैदानात मधोमध उभे राहून दोन बारीक तारा मुठीत धरायचे, आणि त्या तारांच्या टोकाला मी असायचो, विमानासकट, जिवंत. तार ओढली की वर, सोडली की खाली. खात्यातल्या कुठल्याच तारेनं त्यांचं इतकं ऐकलं नसेल.

आता वासाकडे येतो, कारण माझं चरित्र म्हणजे मुख्यतः वासच आहे.

माझं इंधन तीन वस्तूंचं. ईथर, घासलेट आणि एरंडेल. धूर निघाला की अर्धा दवाखान्याचा वास, अर्धा स्टोव्हचा, आणि त्यावर जळक्या एरंडेलाचा असा एक गोडसर, चिकट थर, की लहानपणी ज्यांना जबरदस्तीनं एरंडेल पाजलं असेल त्यांच्या पोटात अजून कळ यावी. शिवाय मी थुंकायचो. काळं तेल विमानाच्या पंखावर, बिंदुमाधवांच्या मनगटावर, सदऱ्यावर. त्यांचे मित्र मोहनकुमार यांचंही एक इंजिन होतं. ते दोघे मैदानात धुरात उभे राहून छाती भरून श्वास घेत आणि एकमेकांकडे पाहून मान डोलवत. गाण्याच्या बैठकीत डोलवतात तशी.

घरी मात्र वेगळं होतं. घरी गोदूबाई होत्या.

गोदूबाईंचं घर मडीचं, म्हणजे सोवळ्याओवळ्याचं. मला उंबऱ्याच्या आत कधीच प्रवेश नव्हता. मागच्या अंगणात नळाच्या वर एक कोनाडा होता, तिथे बिस्किटांच्या डब्यात माझा मुक्काम. आणि नियम एकच. तो त्या दर रविवारी स्वयंपाकघरातून, मागे वळूनही न पाहता, सांगायच्या.

"आधी नळावर, मग घरात."

"अगं, हात पुसलेत मी," बिंदुमाधव म्हणायचे.

"पुसलेत म्हणे. कुणाला? गल्लीच्या टोकापासून वास येतोय. असे आत आलात तर देव उठून जातील."

"देवांना पुष्पक विमान चालतं. त्याला काय धूर नसेल?"

"ते फुलांचं होतं. तुमचं एरंडेलाचं आहे. सदरासुद्धा काढा."

मग ते नळाखाली कोपरापर्यंत साबण लावत, लिंबाची फोड चोळत, खाकी सदरा खिळ्याला टांगत आणि आत जात. जाण्याआधी माझ्यात दोन थेंब एरंडेल सोडून मला एकदा हळूच फिरवत. इंजिनाला अंघोळ घालत नाहीत, मित्रांनो. पाणी आमचा शत्रू. आम्हाला फडकं आणि तेल पुरतं.

एक गोष्ट बिंदुमाधवांना ठाऊक नव्हती, मला कोनाड्यातून दिसायची. गल्लीच्या टोकाला वास आला की गोदूबाई नाक मुरडायच्या, आणि नाक मुरडता मुरडताच कॉफीच्या फिल्टरमध्ये पाणी ओतायच्या. हात धुऊन ते आत पोचेपर्यंत पेला तयार. बिंदुमाधव आयुष्यभर समजत राहिले की आपलं नशीब चांगलं, कॉफी नेहमी वेळेवर मिळते.

पुढे मैदानाचा विकास झाला. आधी क्रिकेटच्या जाळ्या आल्या, मग चालणाऱ्यांसाठी फरशा, मग शांतता राखण्याची पाटी. ही पाटी लावणारे लोक खुर्च्या टाकून लाउडस्पीकरवर योगासनं करत. मोहनकुमार बनशंकरीला राहायला गेले आणि बॅटरीवरच्या विमानांकडे वळले. चांगली असतात ती. आवाज नाही, धूर नाही, हाताला काही लागत नाही. खेळून आला की बँकेत जाऊन आला, चेहऱ्यावरून काही कळत नाही.

बिंदुमाधवांनी मला सोडलं नाही. उडवायला जागा नव्हती, तरी दर रविवारी धुण्याच्या दगडावर फळी ठेवून मला बसवत आणि थोडा वेळ चालवत. शेजारी खिडक्या लावून घेत. आतून आवाज येई, "आधी नळावर." मग एका पावसाळ्यात ते दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत.

तेराव्यानंतर त्यांची मुलगी क्षमा हिनं घर साफ केलं. ती के. आर. पुरमला राहते, मेट्रोनं यायची. मुलगी गुणी आहे. आईला त्रास नको म्हणून तिनं कपाटं रिकामी केली, अंगण फिनाइलनं घासलं, खिळ्यावरचा खाकी सदरा दोनदा मशीनमध्ये धुऊन इस्त्री करून ठेवला. घर स्वच्छ झालं. इतकं की गोदूबाईंनी एका रविवारी तो सदरा नाकाशी धरला आणि त्यांना फक्त साबणाच्या जाहिरातीतल्या मोगऱ्याचा वास आला.

त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा कोनाड्यातला डबा उघडला.

मी तेव्हा ठीक होतो, हे मला नीट सांगायचं आहे. आत तेल होतं. माझ्या तोंडावरचा पंखा बोटानं फिरत होता. इंधन घालून कुणी दोन झटके दिले असते तर मी बोललो असतो. गोदूबाईंनी मला नाकाशी नेलं, पण गार इंजिनाला आमचा तो वास नसतो. तो जळल्याशिवाय येत नाही. त्यांनी मला पदरात गुंडाळलं आणि उंबऱ्याच्या आत नेलं. मी आजन्म ज्या घराबाहेर राहिलो त्या घरात पहिल्यांदा गेलो, तोही पदरातून.

आयुधपूजा जवळ आली होती. आमच्या गावात त्या दिवशी यंत्र म्हणून जे जे असेल त्याची पूजा होते. बस, रिक्षा, शिवणयंत्र, मिक्सर, लॅपटॉप, सगळे कुंकू लावून बसतात. गोदूबाईंनी दरवर्षी सगळ्यांची पूजा केली होती, फक्त माझी नाही. ती कसर त्यांनी भरून काढली. देवाची भांडी घासतात तशी चिंच लावून मला घासलं. नळाखाली धरलं, आतूनबाहेरून खळखळून धुतलं. गंध लावलं, हळद लावली, कुंकू लावलं, जिथे भोक दिसलं तिथे जरा जास्तच लावलं. वर अक्षता, त्यावर शेवंती. मग मला देवघरात, देवांच्या उजव्या हाताला बसवलं आणि हात जोडले.

क्षमा म्हणाली, "आई, अप्पा असते तर?"

"म्हणाले असते, देव उठून गेले नाहीत बघ."

इतकी माया मला राजाजीनगरच्या शेडपासून कुणी केली नव्हती. त्या मायेत मी मेलो. आतलं पाणी तसंच राहिलं, चिंच तशीच राहिली, आणि देवघरात शेवंतीखाली बसून मी सावकाश गंजलो. पूजा झालेल्या वस्तूला कुणी हात लावून बघत नाही, ती चालते का म्हणून.

वर्षश्राद्ध झालं. त्यांच्या आवडीचं सगळं झालं, आणि मग गोदूबाईंनी मोहनकुमारांना बोलावून घेतलं. ते इंधनाची बाटली घेऊन आले, मागच्या अंगणात दगडावर फळी ठेवून मला बसवलं.

"त्यांच्यासाठी म्हणून नव्हे, मोहन," गोदूबाई म्हणाल्या. "त्यांचं झालं सगळं. मला हवाय. मला तो वास आठवेनासा झालाय. घासलेट आठवतं, एरंडेल आठवतं, मिळून काय व्हायचं ते आठवत नाही. इतकी वर्षं नावं ठेवली, लक्ष देऊन कधी घेतलाच नाही."

"आत्ता देतो की, अक्का. शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या तर मला शिव्या देऊ नका."

"लावू देत. फार दिवस उघड्या आहेत."

मोहनकुमारांनी पंख्याला बोट लावलं. पंखा हलला नाही. जोर लावला. तेल सोडून बसले, पुन्हा जोर लावला. मग त्यांनी माझं मागचं झाकण उघडलं. आत सगळं लाल होतं. गंज कुठला आणि कुंकू कुठलं, ते मलाही सांगता आलं नसतं. टोच्यानं खरवडताना एक तांदळाचा दाणा निघाला, पिवळा. तो त्यांच्या तळहातावर पडला. ते त्याच्याकडे बघत राहिले.

"काय निघालं?" गोदूबाईंनी विचारलं.

त्यांनी मूठ मिटली. "काही नाही, अक्का. वय झालं त्याचं."

"पिस्टन का काय तो नवा मिळत नाही?"

"मिळून उपयोग नाही. दोघांना एकत्रच घासून केलेलं असतं. एक गेला की दुसऱ्याला दुसरा बसत नाही."

"सरी, बरं," गोदूबाई म्हणाल्या.

"माझं इंजिन आहे कपाटात," मोहनकुमार म्हणाले. "इंधन तेच. आणू का?"

"नको. त्या वासाला कावेरीनं नावं ठेवली असतील. तो तुमच्या घरचा."

कावेरी म्हणजे मोहनकुमारांची बायको. ते हसले आणि त्यांनी चष्मा पुसायला काढला. जाताना काहीतरी सांगितलं पाहिजे म्हणून म्हणाले, "रोज दोन थेंब एरंडेल सोडा. पंखा धरून हळूच जोर द्या. स्वल्प वेळ लागेल, पण सुटेल."

"सुटेल ना?"

"सुटेल, अक्का."

मी सुटणार नाही, मित्रांनो. हे त्यांना ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. गोदूबाईंना ठाऊक आहे की नाही, मला वाटायचं, नसावं. पण पुढच्या आयुधपूजेला त्यांनी मला पाणी लावलं नाही. कोरड्या फडक्यानं पुसलं. कुंकवाचं बोट माझ्यापर्यंत आलं, थांबलं, आणि खालच्या फळीला लागलं. अक्षताही लांबूनच ठेवल्या, एकेक, फळीच्या कडेला. त्यानंतर त्यांनी मला देवघरातून उचलून परत अंगणातल्या कोनाड्यात ठेवलं.

उपदेश केल्याशिवाय आम्हा जुन्या वस्तूंना निरोप घेता येत नाही, म्हणून सांगतो. एखादी वस्तू आवडली तर तिची पूजा करण्याआधी तिला काय लागतं ते विचारा. तिला चालवा. ती घाण करेल, आवाज करेल, शेजारी बोलतील. आणि ज्या वासाला तुम्ही आज नाक मुरडता, तो एकदा तरी नीट छातीत भरून घ्या. नंतर तो बाजारात मिळत नाही.

गोदूबाई रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की मागे येतात. डबा उघडतात, दोन थेंब सोडतात, पंख्याला बोटांनी जोर देतात. मी हलत नाही. बोटांना एरंडेल लागतं, थोडा जुना काळा चिकटाही. त्यांचा हात सवयीनं नळाकडे जातो.

काल त्यांनी नळ सोडला. पाणी वाहत होतं. त्यांनी बोटं नाकाशी नेली, तशाच थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग नळ बंद केला आणि हात न धुता घरात गेल्या.