पांढरी अबोली

“मागून नेलेली फांदी रुसते गं, चोरून नेलेली हसते,” असं जयवंताबाईची आई म्हणायची. लहानपणी ऐकलेलं ते बोलणं जयवंताने शैलाताईंना कौतुकाने सांगितलं होतं. वीस वर्षांची मैत्री, मैत्रिणीपासून काय लपवायचं.

शैलाताई शाळेतून निवृत्त झाल्या आणि कळंबची आपली बाग दर रविवारी लोकांना पाहायला उघडी ठेवू लागल्या. आज जयवंताही आली. पाहुण्यांमागून चालता चालता ती विहिरीपाशी थबकली. समोर तिच्या आईची पांढरी अबोली फुलली होती. पंचक्रोशीत तशी दुसरी नव्हती, आणि दोन वर्षांपूर्वी ती जयवंताच्या अंगणातून मुळासकट नाहीशी झाली होती.

“ही कुठून आणलीत?” एका पाहुणीने विचारलं.

“चोरून,” शैलाताई हसत म्हणाल्या. तेवढ्यात त्यांना जयवंता दिसली. “अगं, तूच तर म्हणायचीस, चोरलेली हसते.”

“फांदी, ताई. मुळं नाय,” जयवंता म्हणाली. मग तिचा आवाज खाली आला. “पोरगा-सून नोकरीसाठी रसायनीला गेली, असं तुमाला सांगितलं ना मी? खोटं हाय ते. या झाडासाठी मी सुनेवर आळ घेतला, म्हणून गेली ती.”