दांडीवरची दुर्बीण

माधवराव वकिलांचा उजवा हात थरथरायला लागला, हे सगळ्यांत आधी त्यांच्या पत्नीच्या, चंद्रप्रभाबाईंच्या लक्षात आलं. पूजेच्या वेळी पळीतलं पाणी ताम्हनात पडायच्या आधीच सांडायचं. पुढे सही बिघडली. नांदेडच्या कोर्टात ज्यांच्या उर्दू अक्षराची वाखाणणी व्हायची, त्यांना स्वतःचं नाव धड लिहिता येईना. वकीलमंडळींसमोर चहाची कपबशी हातातून निसटली, त्यानंतर त्यांनी कोर्टात जाणंच सोडलं. विचारलं कोणी, तर म्हणायचे, नजर अधू झाली.

कोर्ट सुटल्याचं त्यांनी मनाला फार लावून घेतलं नाही. सुटली ती गच्ची, आणि तेच बाईंना बघवेना. हिवाळ्यात दिवेलागणीनंतर आभाळ दाखवणं हा माधवरावांचा वर्षानुवर्षांचा शौक. शेजारपाजारचे, पक्षकार, पाव्हणे, जो येईल त्याला गच्चीवर नेऊन ते नक्षत्रं ओळखायला शिकवायचे. दसऱ्याच्या सुमारास नवे मुन्सिफसाहेब सहकुटुंब आले, तेव्हा त्यांनी ध्रुवाकडे बोट दाखवलं. बोट ध्रुवावर ठरेना. साहेबांनी अदबीनं विचारलं, नेमका कोणता? मग पुन्हा विचारलं. माधवरावांनी हात खाली घेतला, अंगाभोवती शाल लपेटली आणि थंडी फार आहे म्हणत सगळ्यांना खाली आणलं. त्यानंतर ते जिना चढले नाहीत.

दुसरं महायुद्ध संपून काही महिने झाले होते. लातूरच्या गंजातले, म्हणजे धान्यबाजारातले, आडते वीरण्णा कामानिमित्त नांदेडला आले. जमिनीच्या जुन्या दाव्यात माधवरावांनी त्यांची बाजू लढवली होती, तेव्हापासूनचा घरोबा. बोलता बोलता ते म्हणाले की सिकंदराबादच्या छावणीत लष्करी सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांच्या मेहुण्यानं दोन दुर्बिणी घेतल्या. एक पितळी नळीची, एक जोडदुर्बीण. मेहुण्याची हौस फिटली आणि दोन्ही आता वीरण्णांच्या माडीवर धूळ खात पडल्यात.

"तुम्ही या, वकीलसाहेब. दोन्ही बगा, मनाला येईल ती घेऊन जा. दुसरी आमच्या आईला ऱ्हाऊ द्या. तिला लई नाद हाय आभाळाचा."

माधवराव नको म्हणाले. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यापडल्या ते बोलत राहिले. पुनर्वसूजवळ सध्या शनी आहे, आणि त्याच्या शेजारीच तांबडा मंगळ. शनीभोवती कडं असतं हे त्यांनी वाचलं होतं, डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. बाईंनी अंधारातच ठरवून टाकलं की लातूरला जायचं.

संक्रांत होऊन गेल्यावर, अमावास्येच्या सुमाराला दोघं निघाली. परभणी, परळी करत गाडी, आणि शेवटचा टप्पा मोटारीचा. वीरण्णांच्या घरी त्यांची आई दानम्मा दारातच उभी होती. गळ्यातलं लिंग सावरत तिनं बाईंचे हात धरून आत नेलं. जेवणं लवकर उरकली आणि सगळे धाब्यावर, घराच्या मातीच्या गच्चीवर गेले.

नळीची दुर्बीण देखणी होती. एकात एक सरकणाऱ्या पितळी नळ्या, खाली छोटी तिवई. माधवरावांनी तिवईकडे दुर्लक्ष केलं आणि तरुणपणीच्या उमेदीनं ती नळी डोळ्याला लावली. बाईंना बाजूनं दिसत होतं, नळीचं पुढचं टोक आभाळात गोल गोल फिरत होतं. ते बराच वेळ धडपडले. मग म्हणाले, काच खराब आहे. वीरण्णा लगेच हो म्हणाले, लिलावाचा माल तो. जोडदुर्बीण दोन्ही हातांनी धरून पाहिली, तीही त्यांनी खाली ठेवली.

"तारे नाहीत, नुसत्या रेघोट्या आहेत," ते म्हणाले. "उद्या सकाळच्या मोटारीनं निघू."

आणि जिन्याच्या कठड्याला धरून ते एकटेच खाली गेले.

चंद्रप्रभाबाईंनी जोडदुर्बीण उचलली. इतकी वर्षं नवऱ्यानं दाखवलेलं त्यांनी मान हलवून पाहिलं होतं, स्वतः होऊन काही शोधलं नव्हतं. त्यांनी एक ठळक तारा धरायचा प्रयत्न केला. तारा उड्या मारत होता. दंड भरून आले तसा तो आणखीच नाचायला लागला. त्यांचे हात तर कापत नव्हते. त्यांनी दुर्बीण वीरण्णांना दिली, वीरण्णांनी दानम्माला. सगळ्यांना तेच दिसलं.

"म्हंजी वकीलसाहेबांचंच असं होतंय असं न्हाई की," दानम्मा म्हणाली.

बाई धाब्याच्या मातीवर बसल्या आणि दोन्ही कोपरं कठड्यावर टेकली. तारा एकदम निवला. लुकलुकत होता, पण जागच्या जागी. वस्तू खराब नव्हती. तिला फक्त कोणाच्या तरी हातातून सोडवायला हवं होतं.

सकाळी माधवराव कोट घालून तयार बसले. चंद्रप्रभाबाई त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की आज जायचं नाही. कारण विचारलं, तर कारण सांगितलं नाही. संसारात असं त्या कधी बोलल्या नव्हत्या. माधवराव रागावले, कोट तसाच अंगात ठेवून दिवसभर ओसरीवर बसून राहिले.

इकडे वीरण्णा, बाई आणि दानम्मा कामाला लागले. पहिला उपाय सुतळीचा होता. दुर्बीण वाशाला टांगली, ती पाळण्यासारखी झोके घ्यायला लागली. दुसऱ्यांदा काठीला बांधली, तर काठी धरणाऱ्याचे हात दुखले. दुपारी बाई आडतीत धान्य मोजताना बघत उभ्या होत्या. मोठ्या काट्याची दांडी, एका पारड्यात ज्वारी, दुसऱ्यात लोखंडी वजनं. दोन्ही बाजू समतोल झाल्या की ती एवढी अवजड दांडी हमालाच्या एका बोटानं वर-खाली होत होती. त्यांनी वीरण्णांना विचारलं, दुर्बिणीच्या समोर असंच वजन ठेवलं तर? वीरण्णा काम तसंच सोडून सुताराकडे गेले.

सुतारानं जाडजूड खांब उभा केला, त्यावर खिळ्यात फिरणारी दांडी बसवली. एका टोकाला लाकडी ठोकळा, त्याला चामड्याच्या वादीनं जोडदुर्बीण आवळली. दुसऱ्या टोकाला वजनं. पहिल्यांदा वजन जास्त झालं आणि दुर्बीण ताडकन वर उडाली. मग वाळूची पिशवी बांधून दानम्मानं त्यातली वाळू मुठीमुठीनं कमी केली, दांडी जिथं सोडली तिथं थांबेपर्यंत. दुर्बीण वर तोंड करून ठेवली की माणसाची मान मोडते, हेही लक्षात आलं, म्हणून आडतीतली आरामखुर्ची वर चढवली.

अंधार पडल्यावर बाई माधवरावांना बोलवायला गेल्या. ते उठेनात.

"मला पुन्हा चार माणसांत उभं करून राहिलीस तू," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"उभं नाही करत. बसायचंय तुम्हाला," बाई म्हणाल्या. "आणि हात लावायचा नाही."

ते आले. खुर्चीत रेलले. बाईंनी दांडी ओढून दुर्बीण त्यांच्या डोळ्यांवर आणली. त्यांचे हात सवयीनं वर आले, बाईंनी ते धरून शालीखाली ठेवले. पण दुर्बीण कुठं वळवायची, हे बाईंना कळेना. माधवरावांना सांगावं लागलं. रोहिणी सापडली का? तो तांबूस तारा. तिथून पश्चिमेला ये. नाही, जास्त गेलीस. मागे घे. अगं, हळू! ते चिडले, बाईही चिडल्या, वीरण्णा मान फिरवून दुसरीकडे बघत राहिले.

आणि मग माधवराव गप्प झाले.

बाईंना वाटलं, पुन्हा काही चुकलं. त्यांनी वाकून पाहिलं. ते श्वास रोखून बघत होते. डोळ्यांच्या कडेनं पाणी कानाकडे ओघळत होतं.

"कृत्तिका," ते म्हणाले. "सहा म्हणून दाखवत आलो लोकांना. किती आहेत या. निळ्या आहेत, प्रभा." इतरांसमोर त्यांनी बाईंना नावानं कधी हाक मारली नव्हती. "थांब. तू बघ आधी."

त्या रात्री सगळ्यांनी आळीपाळीनं पाहिलं. माधवराव खुर्चीवरून तोंडानं वाट सांगत होते, बाई दांडी फिरवत होत्या. माधवरावांचे हात शालीबाहेर आले होते आणि मांडीवर कापत होते, पण त्यांनी ते झाकले नाहीत.

शनी राहिला होता. जोडदुर्बिणीतून तो नुसता लांबट ठिपका दिसला. कड्यासाठी नळीचीच दुर्बीण पाहिजे होती. ती तिवईवर लावली, पण धाब्यावर कोणी पाऊल टाकलं की खालचं लाकूड हलायचं आणि शनी पळून जायचा. तेव्हा माधवरावांनी स्वतःच सुचवलं की अंगणात, जमिनीवर न्या. दानम्मानं मधलं दगडी उखळ दाखवलं. वीरण्णांनी त्यावर फळी टाकून तिवई दोरीनं घट्ट आवळली. बाईंनी शनी धरला, तेवढ्यात तो सरकून बाहेर गेला. पृथ्वी फिरते, त्याला तू काय करणार, असं म्हणत माधवराव हसले. कितीतरी दिवसांनी हसले. शेवटी ते हात पाठीमागे बांधून वाकले आणि बघत राहिले. त्यांच्यानंतर दानम्मानं डोळा लावला.

"कानात बाळी घातल्यागत दिसतोय," ती म्हणाली, आणि बराच वेळ डोळा काढेना.

सकाळी वीरण्णांनी दोन्ही दुर्बिणी समोर ठेवल्या. कोणती घेणार? शनीचं कडं पाहायची माधवरावांची उभ्या आयुष्याची इच्छा. वीरण्णांनी पितळी नळी पुसून, फडक्यात गुंडाळून तयार ठेवली होती. माधवराव दानम्माकडे बघत म्हणाले, ही इथंच बरी. तिला बूड जड लागतं, ते तुमच्या अंगणात आहे. एका वेळी एकच माणूस, एकच तारा, आणि तोही पळणारा. मला मोठं आभाळ लागतं, आणि लोक लागतात. मग त्यांनी जोडदुर्बिणीकडे मान वळवली. उचलली मात्र बाईंनी.

नांदेडला तसाच खांब आणि तशीच दांडी करून घेतली. गच्ची पुन्हा भरायला लागली. पाव्हणा खुर्चीत बसायचा, माधवराव शेजारच्या स्टुलावर बसून वाट सांगायचे, आणि बाई दांडी फिरवायच्या. कंप काही थांबला नाही. डाव्या हातातही उतरला, मग आवाजातही थोडा आला. लोक आता नीट कान देऊन ऐकायचे. आवाज थकला की बाई पुढचं स्वतःच सांगून टाकायच्या, आणि चुकलं तर माधवराव खाकरायचे.

पुढच्या एका वर्षी, फाल्गुनातल्या एका संध्याकाळी कोणीच आलं नव्हतं. माधवराव खुर्चीत रेलले होते, आणि बाई सहज म्हणून दांडी व्याधावरून खाली सरकवत होत्या. तिथं त्यांना धुळीच्या चिमटीसारखा ताऱ्यांचा एक पुंजका दिसला होता. त्यांनी दुर्बीण माधवरावांच्या डोळ्यांवर आणली आणि हे काय म्हणून विचारलं.

ते पुष्कळ वेळ बघत राहिले. थोडं वर घे म्हणाले, थोडं खाली घे म्हणाले.

"मला ठाऊक नाही," ते अखेर म्हणाले. "हे मी कधी बघितलंच नव्हतं. तुला कसं गावलं?"

बाईंनी स्टूल ओढलं आणि त्यांच्या शेजारी बसून, व्याधापासून खाली कसं यायचं, ते त्यांना सांगायला लागल्या.