कस्टर्ड सर्वांनी खाल्लं

आरोग्य निरीक्षक बाई संध्याकाळी पाचला अहवालावर सही करणार होत्या, आणि सकाळपासून कँटीनचे आचारी, ज्यांना अख्खं ऑफिस मामा म्हणे, एका जागी पाच मिनिटं टेकले नव्हते. शेगड्या बंद, भांडी पालथी. मामांनी पुसलेला ओटा पुन्हा पुसला, मग पुसायचं फडकं धुतलं, मग ते वाळलंय का हे चारदा जाऊन पाहिलं.

परवा साहेबांच्या बढतीचं जेवण झालं होतं. अडतीस माणसं. स्वयंपाक मामांचा, शेवटचं कस्टर्ड तेवढं साहेबांच्या पत्नीने घरून करून पाठवलेलं. दीडला जेवणं उरकली आणि चारच्या सुमाराला संडासापुढे अशी रांग लागली, की शिपायाने नंबराच्या चिठ्ठ्या वाटाव्यात का, असं हेडक्लार्कना विचारलं. आधी उलट्या, मागून जुलाब. सतरा जण आडवे झाले, दोघांना सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी सगळे बरे झाले, आणि बऱ्या झालेल्या माणसाला रागवायला ताकद असते. सगळा राग मामांच्या अंगठ्यावर येऊन थांबला. अंगठ्याला चिकटपट्टी होती. काकडी चिरताना कापला होता.

"कापलेल्या बोटातले जंतू अन्नात उतरतात," बाई कोपऱ्यातल्या टेबलावर फॉर्म पसरत म्हणाल्या. "अन्न उबेत राहिलं की ते विष तयार करतात. मग कितीही उकळा, जंतू मरतील, विष राहील. दोन-चार तासांत माणूस आडवा."

"मी हातमोजा घातला होता, मॅडम."

"सगळेच घालतात, मामा. मी आल्यावर."

उरलेलं अन्न मिळालं असतं तर तपासता आलं असतं. पण मामांनी चार वाजायच्या आत सगळी पातेली घासून लख्ख केली होती. उभ्या आयुष्यात स्वच्छता त्यांना पहिल्यांदाच नडली. आता पुरावा म्हणजे फक्त फॉर्म: कोणी काय खाल्लं, कोण आजारी पडलं. बाईंची पेन्सिल खाली सरकत होती. भात सर्वांनी खाल्ला. कस्टर्ड सर्वांनी खाल्लं. सॅलड बावीस जणांनी, त्यांतले बारा आजारी. न खाणाऱ्या सोळांतले पाचच. पेन्सिल सॅलडवर थांबली. सॅलडमध्ये काकडी होती. मामा फॉर्मवर वाकले.

"कस्टर्ड अडतीसच्या अडतीस जणांनी खाल्लं? लिहिलंय त्यांनी?"

"काहींनी दोन वाट्या. साहेबांनी तीन. 'अप्रतिम' असा शेराही आहे, फॉर्मवर त्याला रकाना नसताना."

फॉर्म हेडक्लार्कनी गोळा करून साहेबांच्या टेबलावरून पाठवले होते, हे बाईंना ठाऊक नव्हतं.

मामांची बायको मोरीपाशी उभी होती. ती पुटपुटली, "सांगताय, की मी सांगू?"

"काय सांगू? अर्धं ऑफिस खोटं बोलतंय म्हणून? ह्यांनाच उद्या जेवायला घालायचंय."

"घालायला कँटीन तर उरू दे! मॅडम, हे उष्ट्या ताटांत डोकावतात. लग्न झाल्यापासून बघतेय. लाज वाटायची मला."

मामांचा नाइलाज झाला. खरं होतं ते. ताटात काय राहिलं यावरून मामांना मीठ, तिखट, साहेबलोकांचा मूड, सगळं कळे. म्हणून वाट्या ते स्वतः उचलत. परवा एकोणीस वाट्या चाटूनपुसून साफ होत्या. उरलेल्या एकोणीस जशाच्या तशा, वर कागदी रुमाल पांघरलेला, मृताला झाकावं तसा. कस्टर्ड खालून लागलं होतं, करपट वास येत होता. ज्यांना जीभ होती त्यांनी रुमाल पांघरला. ज्यांना निष्ठा होती त्यांनी खाल्लं.

"कोणाच्या वाट्या, आठवतं?"

मामांनी टेबलं आठवत एकेक सांगितलं. खाणाऱ्या एकोणीस जणांतले सतरा आजारी. न खाणाऱ्यांतला एकही नाही. बाईंनी सॅलडवरची पेन्सिल उचलली आणि साहेबांच्या घरी फोन लावला. परवा तिथे पत्नीही आडव्या झाल्या होत्या, एकच वाटी खाऊन. कस्टर्ड आदल्या रात्री केलं, फ्रिजमध्ये जागा नव्हती म्हणून सकाळपर्यंत ओट्यावरच ठेवलं, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं.

"पण मामा, तोंडी चालत नाही. ज्याचा फॉर्म त्यानेच दुरुस्त करायचा. चला."

साडेचार वाजले होते. साहेब खुर्चीत ताठ बसले होते, तब्येत ठणठणीत.

"मी तीन वाट्या खाल्ल्या," ते म्हणाले. "मामा, तुम्ही नाही पाहिलंत?"

मामांनी छताच्या पंख्याकडे पाहिलं. वीस वर्षांची नोकरी त्याच्याबरोबर गरगरत होती.

"पाहिलं, साहेब. वाटी तुमची... रुमालाखाली होती."

"हा माझा घरगुती प्रश्न आहे."

"अर्थात," बाई म्हणाल्या, आणि पिशवीतून झाकणाची एक प्लॅस्टिकची बाटली काढून त्यांनी टेबलावर साहेबांपुढे सरकवली. "तीन वाट्या खाऊनही आपल्याला काही झालं नाही, म्हणजे आपल्या पोटात काहीतरी विलक्षण आहे. शौचाचा नमुना लागेल. आत्ता. मी बाहेर थांबते."

साहेबांनी बाटलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि 'तीन'वर काट मारून शून्य केलं. पेन टेबलावर ठेवायच्या आत बातमी मजलाभर झाली: मामा उष्टी ताटं बघतात, आणि बाईंकडे बाटल्या आहेत. पाच वाजेपर्यंत अठरा जण ओळीने येऊन आपापले फॉर्म दुरुस्त करून गेले. 'अप्रतिम'सुद्धा खोडलं गेलं.

दुसऱ्या दिवशी कँटीन उघडलं. मामांनी नेहमीसारखा स्वयंपाक केला आणि नेहमीसारखे ताटं उचलायला निघाले. पहिलं ताट लख्ख. दुसरं लख्ख. हेडक्लार्क तर मामांच्या डोळ्याला डोळा न देता पावाच्या तुकड्याने ताट पुसत होते. साहेबांनी वाटी मामांना दिसेल अशी तिरपी धरली.

"काय हो, झालं ना तुमच्या मनासारखं?" बायको म्हणाली. "एक शीत नाही राहिलं."

मामांनी चमचा आमटीत बुडवून चाटला. खारट होती, चांगलीच खारट. पुढचं ताट उचललं. तेही लख्ख. त्यांनी चमचा पुन्हा बुडवला, पुन्हा चाटला, आणि खारट आमटी आहे की आपली जीभ, हे आता विचारायचं कोणाला, या विवंचनेत ते कँटीनभर येरझाऱ्या घालू लागले.