ताईचा श्वास आणि माझा पाय

मी सोफा बोलतोय. लावता पैज? या घरातून शेवटी कोण बाहेर गेलं, मी की ते दोन ढब्बू स्पीकर, ते तुम्हाला ओळखता यायचं नाही. खाजवा डोकं.

मी जन्माचा खोडकर. किल्ल्या गिळतो, रिमोट गिळतो, पाहुण्याला हळूच स्प्रिंग टोचतो. आवाजही खातो. जाडा पचत नाही, बारीक मात्र पोटात गुपचूप जिरवतो.

मालकांची ताई वारली. मागं राहिली तिच्या गाण्याची एक कॅसेट. गाण्याआधी ती श्वास घेते अन् खुदकन हसते. तेवढंच ऐकायला मालकांनी स्पीकर आणले. पण खोली अशी घुमायची, जणू ताई रांजणात बसून गातेय. हसू पार बुडायचं.

मग खोलीतला आवाज जुळवून देणारा आवाजवाला बोलावला. तो यायच्या आधी मालकीणबाईंनी मला गॅलरीत ढकललं. पोट फाटलेलं ना माझं! माझ्या जागी खुर्ची आली. आवाजवाल्यानं तिथं कानाच्या उंचीवर माइक उभा केला. स्पीकरमधून जाड्यापासून बारीकपर्यंत एक लांबलचक शीळ सोडली. लॅपटॉपवर डोंगरासारखी रेघ उठली. त्यानं घुमणारा आवाज दाबला, कानाला टोचणाराही उतरवला. अन् ताई हसली! मालकांचे डोळे भरले.

तो गेला, मी आत आलो, भिंतीला टेकलो. झालं! हसण्यातला बारीक आवाज माझ्या पोटात गेला.

"अगं, ताईला सर्दी झाली की काय?"

"अहो, आधी कान तपासून या!"

घरात अबोला. आवाजवाला पुन्हा आला, मला बघून थबकला.

"वहिनी, हे महाशय तेव्हा कुठं होते?"

"पाहुण्यासमोर फाटका सोफा ठेवू होय?"

"मी कसला पाहुणा! खोली रोज असते तशीच मोजायची असते. रोज बसता कशावर?"

"यावरच," मालक म्हणाले. "ताईची जागा आहे ती."

त्यानं मला ओढून भिंतीपासून चांगलं पुढं आणलं, माझ्यावर माइक ठेवला, पुन्हा शीळ सोडली, आवाज नव्यानं जुळवला. रेघ निजलेल्या तळ्यासारखी झाली.

"आता याला बोटभरही हलवायचं नाही."

म्हणजे बाहेर कुणीच गेलं नाही. हरलात!

संध्याकाळी खोली निळी होते, पाण्याखाली असल्यासारखी. मालक कॅसेट लावून डोळे मिटतात. मीही पोट आवरून बसतो.

खरी किंमत मोजली ती मालकीणबाईंच्या पायाच्या करंगळीनं. माझ्यासमोरून जायची वाट आता चिंचोळी झालीय. चहा आणताना करंगळी माझ्या लाकडी पायावर सणकून आपटते. तरी तोंडातून 'आई गं' नाही. ओठ दाबून, एका पायावर, तशाच उभ्या राहतात.

तेवढ्यात ताई श्वास घेत असते ना.