पित्ताची गोळी

नारळी पुनवेला थळच्या किनाऱ्यावर, नवा शर्ट घालून, सोनेरी कागदातला नारळ हातात धरून मी उभा होतो. तेव्हा माझ्या सख्ख्या भावाने सगळ्या खलाशांदेखत सांगितलं, "जीवन या साली बोटीवर येनार न्हाय. त्याला फिट येते."

चार वर्षं ही गोष्ट मी पोटात ठेवली होती. ठाऊक होतं ते मला, अलिबागच्या डॉक्टरला आणि विनेशदादाला. दादा आमच्या बोटीचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या. पहिली फिट आली तेव्हा घरात तोच होता, आणि कुणाला सांगणार नाही म्हणून त्याने एकवीरा आईची शपथ घेतली होती. बोटीवर मी तंबाखूच्या डबीतून गोळी काढायचो आणि पित्ताची आहे म्हणून सांगायचो. रोज कुणी ना कुणी खलाशी, बहुधा केतन, विचारायचा, "पित्ताची गोळी घेतलीस का रं?" मी मनात हसायचो. कसे सगळे गंडले!

आणि आता हे. नारळ तसाच घेऊन मी घरी आलो. देव्हाऱ्यातल्या आईलाही सोडलं नाही. "तुझी शपथ मोडली त्याने. त्याचं काही वाकडं केलंस? गोळ्या मी खायच्या, उपास मी करायचे, आणि बोट त्याची!" दिवा लावायचा बंद केला. गोळी घेत राहिलो, पण रागारागाने.

आठवडाभर दादाशी अबोला. तो अंगणात आला की मी परसात. जाळी दुरुस्त करायला बसायचो तेही समुद्राकडे पाठ करून.

आठव्या दिवशी दुपारी केतन फाटलेलं जाळं दुरुस्तीला टाकायला आला. मी त्याच्यावरच घसरलो. "भावाने केसाने गळा कापला माझा. चार वर्षं कुणाला पत्ता नव्हता."

केतनने जाळं खाली ठेवलं. "आमाला पयल्या सालीच ठाव व्हतं," तो म्हणाला. "तू झोपलास की तांडेल तुज्या पायाला दोर बांधायचा, दुसरं टोक सोताच्या मनगटाला. तू उठायच्या आत सोडायचा. आमी इचारलं, तवा सांगावं लागलं त्याला. गोळीचं आमी पाळ्या लावून इचारायचो."

"मग आताच काय झालं?"

"मे महिन्यात तू भिजलेला उठलास, आठवतंय?"

आठवत होतं. लाट आली, असं दादा म्हणाला होता. त्याच्या मनगटाला पट्टी होती, ती यंत्रात हात अडकला म्हणून, असंही त्यानेच सांगितलं होतं.

"लाट न्हवती. फिट आली नि तू पान्यात गेलास. मनगट सोललं, पन त्यानं दोर सोडला न्हाय. तुला वर घेतल्यावर पोरासारखा रडला. म्हनला, पुढच्या खेपंला माजा हात सुटला तं?"

केतन गेला. मी दातओठ खात बसलो. म्हणजे शपथ आत्ता नाही, पहिल्याच साली मोडली होती. सगळ्यांनी मिळून मला वेड्यात काढलं होतं. आणि आभार मानायचे ते यांचेच? पण चार वर्षं मी त्या बोटीवर निर्धास्त झोपलो होतो, आणि त्या झोपेचं श्रेय स्वतःच्या हुशारीला देत होतो. मला भयंकर लाज वाटली आणि रडू आलं. संध्याकाळी दिवा लावला. आईला म्हणालो, "राग गेलेला नाही. पण त्याचं वाकडं केलं नाहीस ते बरं केलंस."

दुसऱ्या सकाळी नारळ घेऊन किनाऱ्यावर गेलो. बोट निघायच्या बेतात होती. गुडघाभर पाण्यात उतरून मी नारळ सोडला आणि आईला हात जोडले. वर पाहिलं तर दादा कठड्याशी उभा होता. त्याच्या मनगटावरचा वण उन्हात चमकत होता. नऊ दिवसांत आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो.

त्याने घसा खाकरला. "पित्ताची गोळी घेतलीस का?"

खलाशी एकदम जाळ्यात डोकं घालून कामाला लागले.

"पित्ताची न्हाय," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो. "फिटची. घेतली."