शिडी धरणारा

डेल्बर्ट नूननच्या सलूनमध्ये केस कापायला दहा मिनिटं लागत आणि वाद घालायला अख्खी सकाळ. वाद एकच. वेनफिल्ड कॉलेजनं बास्केटबॉलची ती एकमेव फायनल जिंकली ती कुणाच्या जोरावर? क्लिफ्टन मेब्रीच्या उपजत खेळाच्या, की कोच हॅस्केलच्या शिकवण्याच्या? इंडियानातल्या त्या गावात पोरं चालायच्या आधी चेंडू आपटायला शिकतात, त्यामुळे मत नसलेला माणूस औषधालाही सापडायचा नाही. पन्नास वर्षं लोटली, पण वाद तसूभर हलला नव्हता.

टपालखात्यातून निवृत्त झालेला जीन रोज तेच तुणतुणं वाजवी. मेब्री नसता तर हॅस्केल काय दगडांना शिकवणार होता? त्यावर बाकावरचं कुणी विचारी, की मेब्री आला तेव्हा उधळलेलं शिंगरू होता, त्याला लगाम कुणी घातला? मग जीन गालावरचा फेस तसाच ठेवून खुर्चीतून उठून उभा राही.

डेल्बर्ट मात्र गप्प. तो त्याच संघात होता, पण फायनलमध्ये एक मिनिटही खेळला नव्हता. आपण बाक गरम ठेवला, असं तो स्वतःच हसत सांगे. खरी सल त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. जिंकल्यावर बास्केटची जाळी कापायची रीत असते. शिडीवर चढून प्रत्येक खेळाडूनं एकेक दोरी कापायची, शेवटची कोचनं. त्या दिवशी पाळी आली तेव्हा डेल्बर्टला वाटलं, कुठल्या तोंडानं चढायचं? “शिडी हलतेय, मी धरतो,” असं म्हणून त्यानं जी शिडी धरली, ती सगळे उतरेपर्यंत सोडली नाही. त्या गोंधळात ते कुणाच्या लक्षात आलं नाही, निदान त्याला तसं वाटलं.

यंदा मार्चमध्ये कॉलेजचं जुनं बास्केटबॉलचं जिम पाडायचं ठरलं. त्याआधी जुन्या संघाला बोलावून जाळी पुन्हा एकदा कापायची, अशी कॉलेजनं टूम काढली. डेल्बर्टचा पाय निघेना. पुन्हा चढायची वेळ आली तर काय सांगायचं? शेवटी, कॉलेजवाल्यांची कात्री बोथट असणार, असं स्वतःला बजावून त्यानं आपली ठेवणीतली कात्री खिशात घातली आणि निघाला.

आत शिरताच तो वास आला. लाकडावरचं व्हार्निश, जुना घाम, पॉपकॉर्नचं लोणी. इथंच डेल्बर्ट रोज संध्याकाळी धापा टाकत पडायचा आणि ओल्या केसांनी बर्फातून खोलीवर जायचा. तेव्हा आपण सुखात होतो, हे तेव्हा कळलं नव्हतं.

कोच हॅस्केल चाकाच्या खुर्चीत होते, मांडीवर घोंगडी. क्लिफ्टनचे दोन्ही गुडघे बदललेले, पण दारातून येताना तो उंचीमुळे अजून वाकतच होता. बघायला आलेल्या जीनला तर घबाडच मिळालं. सगळ्यांना ॲपल-पाय खायला घातला, कॉफी दिली आणि त्यानं तोंड उघडलं.

“कोच, आज सोक्षमोक्ष लावा. तुम्ही का हा?”

कोच हसले. “मला काय विचारता? न्हाव्याला विचारा.”

सगळे डेल्बर्टकडे वळले. त्याचे कान तापले. आपण तर खेळलोच नाही, आपल्याला काय कळणार, असं तो पुटपुटला.

“खेळला नाहीस?” क्लिफ्टन म्हणाला. “फायनलच्या आधीचा अख्खा आठवडा तू मला छळलंयस, माणसा. कोचनी तुला समोरच्या संघातला तो लांब हातांचा गडी व्हायला सांगितलं होतं ना? चालणं त्याचं, ढकलणं त्याचं. डाव्या बरगडीत कोपर घालून उजवा हात माझ्या डोळ्यांसमोर. रात्री झोपेत मी तुला शिव्या घालायचो. आणि शेवटच्या क्षणी त्या खऱ्यानं तेच केलं. कोपर तिथंच, हात तिथंच. मला हसूच फुटलं. म्हटलं, हा तर आपला डेल्बर्ट. वाकलो आणि चेंडू जाळीत टाकला.”

“म्हणजे शिकवणं कोचचंच,” मागून कुणीतरी ओरडलं.

“पण टाकला मेब्रीनं,” जीन म्हणाला, आणि वाद पुन्हा पहिल्या पायरीवर आला.

डेल्बर्टला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. तो आठवडा म्हणजे त्याच्या लेखी नुसती हमाली होती. कोचनी त्याला जवळ बोलावलं. वाकल्यावर ते हळूच म्हणाले, “त्या दिवशी मी वर चढलो तर दोन दोऱ्या शिल्लक. माझी एक. दुसरी कुणाची, ते खाली बघितल्यावर कळलं. तुला हाक मारायला हवी होती, पोरा. जिंकण्याच्या नशेत दोन्ही कापल्या मी.”

डेल्बर्टनं खिशातली कात्री काढून क्लिफ्टनपुढे धरली. “तू सुरुवात कर. मी शिडी...”

क्लिफ्टननं कात्री घेतली नाही. तो लंगडत शिडीपाशी गेला आणि आपले भलेमोठे पंजे तिच्यावर ठेवले. शिडी नवी होती, पक्की उभी होती.

“हलतेय ही,” क्लिफ्टन म्हणाला. “मी धरतो. तू चढ.”